म्हमाणे सरांची रेघ

तिसरा तास संपत आला होता. मुलांना भिंगाचं नाभीय अंतर काढायला लावून मी प्रयोगशाळेच्या खिडकीशी उभा होतो, तेवढ्यात आमचे शिपाई नबीभाई दारात आले. एरवी ते नोटीस हातात घेऊन आत येतात, मुलांना चूप म्हणतात, मग वाचतात. त्या दिवशी नुसतेच चौकटीला टेकून उभे राहिले. "काय नबीभाई?" म्हटलं, तर म्हणाले, "म्हमाणे सर गये, सर. सुबे नहाने का पानी काढते काढते बैठे... उठेच नै." थोड्या वेळानं कॉलेज सोडल्याची घंटा झाली. अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळाली म्हणून दोन-चार पोरं शीळ घालत सायकली काढत होती, आणि मला त्यांचा राग आला नाही. सरांनाही आला नसता. "सुट्टीचा आनंद व्हायलाच पाहिजे, नाही तर ते पोर कसलं," असं ते म्हणायचे. संध्याकाळी त्यांच्या गावी, अक्कलकोटच्या पलीकडं, शेतात त्यांना माती दिली.

त्याला आता काही आठवडे झाले. मधल्या काळात शोकसभा झाली, पेपरात फोटो आला, "सतत उत्तम निकालाची परंपरा निर्माण करणारे गणिताचे प्राध्यापक" असं खाली छापलं होतं. त्यात खोटं काही नाही. पण सरांनी ते वाचलं असतं तर पेपर घडी करून खाली ठेवला असता आणि दिवसभर कोणाशी बोलले नसते. का ते मला माहीत आहे, म्हणून लिहायला बसलोय. मला लेखकासारखं लिहिता येत नाही. मी सांगोल्याकडच्या धनगरवाडीतला, आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस, आणि बी.एस्सी. झालेलाही पहिलाच. हे मी सगळीकडं सांगतो. लोक हसतात, हसू देत. ज्यांच्या घरात आधीपासून पदव्या टांगलेल्या आहेत त्यांना त्यातलं काय कळणार?

सर मला प्री-डिग्रीला भेटले. मॅट्रिकपर्यंत सगळं मराठीतून शिकलेलो, आणि इथं पहिल्या तासापासून गणित इंग्रजीत. सर फळा भरून लिहायचे, मागं वळून "समजलं?" विचारायचे आणि अख्खा वर्ग माना हलवायचा. एक दिवस ते माझ्या बाकाजवळ येऊन थांबले. "तू पण मान हलवलीस. काय समजलं सांग." मी उभा राहिलो आणि म्हणालो, "कायच न्हाय समजलं सर." वर्ग खदखदून हसला. सर हसले नाहीत. "हा एकटाच खरं बोलला. बाकीच्यांचं सहामाहीला बघू," म्हणाले आणि मला विचारलं, "कुठला तू, तम्मा?" तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. त्या दिवसापासून शेवटपर्यंत मी त्यांचा तम्माच राहिलो. कॉलेज भरायच्या आधी एका रिकाम्या वर्गात ते आम्हा मागं पडलेल्यांना घेऊन बसायचे. तिथं इंग्रजीला सुट्टी. मराठीत सांगायचे, अडलं तर कानडीत, आणि साखर पेठेतली विणकरांची पोरं असली की चार शब्द त्यांच्या तेलुगूचे घालायचे. ते इतके वेडेवाकडे असायचे की पोरं हसता हसता प्रमेय शिकून जायची. सहामाहीला मी गणितात सपशेल नापास झालो होतो. वार्षिकला सेकंड क्लास मिळाला. गावी गेलो तर आबा मेंढरांच्या घोळक्यात उभे होते, म्हणाले, "पास झालास व्हय? मग आता तुला साहेब म्हणायचं का कसं?" आणि खांद्यावरच्या घोंगड्यानं डोळे पुसले. ते पुसणं मला सरांनी मिळवून दिलं, असं मी आजही मानतो.

पुढं बी.एस्सी. होऊन मी त्याच कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागलो, आणि थोड्याच वर्षांत प्री-डिग्री जाऊन नवीन अकरावी-बारावी आली. सगळेच गोंधळलेले होते. पुस्तकं नवी, पेपरांचा नमुना नवा, बारावीला कुठलं पोर कितपत जाईल याचा कोणालाच अंदाज नाही. पहिली सहामाही झाली तेव्हा स्टाफरूममध्ये जो तो आपापल्या मनानं बोलत होता. कोणी म्हणे पोरं ढ आहेत, कोणी म्हणे पेपर अवघड. सर म्हणाले, "ढ म्हणजे कशाच्या मानानं ढ? आधी ते ठरवू या." मग त्यांनी ऑफिसातून प्री-डिग्रीचे जुने निकाल काढून आणले. मॅट्रिकला अमुक गुण पडलेली पोरं पुढं प्री-डिग्रीला साधारण कुठवर गेली, हे गटागटानं मांडलं. त्यावरून, दहावीला एवढे गुण घेऊन आलेलं पोर बारावीला कुठवर पोचायला हरकत नाही, याची प्रत्येकासाठी एक निळी रेघ आलेखाच्या कागदावर मारली. प्रत्येक चाचणी झाली की त्याच कागदावर तांबड्या शाईचा एक ठिपका. ठिपका रेघेवर असला तर ठीक. खाली गेला की सर त्या पोराला बोलवायचे.

स्टाफरूमच्या मागं खडू, नकाशे ठेवायची एक लहान खोली होती. तिच्या भिंतीवर हे सगळे कागद टाचलेले असायचे. पोरांनी त्याला 'कुंडली' नाव पाडलं. "तुझी कुंडली काय म्हणती रे?" असं जिन्यात एकमेकांना विचारायचे. एकदा एकजण सरांना म्हणाला, "सर, माझ्या रेघेला साडेसाती हाय वाटतं." सर म्हणाले, "साडेसाती शनीची नाही, त्रिकोणमितीची आहे. बस हितं." आणि दीड महिन्यात त्याचा ठिपका वर आणून दाखवला. कुंडली हा शब्द मात्र त्यांना आवडायचा नाही. "कुंडलीत लिहिलेलं बदलत नाही म्हणतात. हे बदलावं म्हणूनच तर मी काढतो," असं मला एकदा म्हणाले होते. त्या पहिल्या वर्षी ती रेघ म्हणजे खरोखर औषध होतं. आधी कोण अडलंय हेच कळायचं नाही. आता ते कळायला लागलं, आणि कळलं की सर त्याच्यापाशी जाऊन बसत. माणूस इतका खूश मी क्वचित बघितला. मला म्हणायचे, "तम्मा, डॉक्टरकडं तापमापक असतो, मास्तरकडं काहीच नव्हतं बघ. नुसता हात लावून ताप आहे म्हणत होतो."

निकाल चांगला लागला. आणि चांगला लागला म्हणून प्राचार्यांनी ती भिंत बघितली... प्राचार्य वाईट माणूस नव्हेत. संस्था नवीन वर्ग काढायच्या खटपटीत होती, शहरात दुसरी कॉलेजं उभी राहत होती, पालक निकालाची टक्केवारी विचारूनच फॉर्म नेत होते. भिंतीपुढं ते बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "सर, हे तर सोनं आहे." दुसऱ्या वर्षी सहामाही झाल्यावर नोटीस लागली. ज्यांचे ठिपके रेघेखाली आहेत त्यांचा बोर्डाचा फॉर्म कॉलेजमार्फत भरला जाणार नाही, त्यांनी पुढच्या वर्षी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसावं. म्हणजे पोर नापास झालंच तर ते कॉलेजच्या खात्यावर नको. खाली लिहिलं होतं, 'प्रा. म्हमाणे यांनी शास्त्रीय पद्धतीने तयार केलेल्या तक्त्यानुसार.'

त्या नोटिशीत भाग्यलक्ष्मी गाजुल होती. तिच्याविषयी सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. साखर पेठेतली, वडील यंत्रमागावर, आई विड्या वळणारी. ही सकाळी आईबरोबर विड्या वळून मग कॉलेजला यायची, बोटांना तंबाखूचा वास असायचा म्हणून प्रयोगशाळेत जोडीदारणी नाक मुरडायच्या. तिला त्याचं काही नव्हतं. म्हणायची, "वास येतंय तर तू वाच की रीडिंग, मी लिहिते." वर्गात सरांना अडवणारी ती एकटीच. "सर, ते कसं?" हा तिचा प्रश्न ठरलेला. सर दुसऱ्यांदा सांगायचे, ती पुन्हा "सर, ते कसं?" म्हणायची, आणि तिसऱ्यांदा सांगताना कधी कधी सरांनाच आपली चूक सापडायची. "या पोरीनं मला गणित शिकवलं," असं ते स्टाफरूममध्ये सांगत सुटायचे. घरी तिच्या वडिलांनी तिला सरळ सांगून ठेवलं होतं, बारावी झालीस तर पुढं शिक, मी आडवा येणार नाही. एक वर्ष जरी वाया गेलं तर भिवंडीच्या मावशीनं आणलेलं स्थळ आहे. हे वर्गात सगळ्यांना माहीत होतं, सरांनाही. घरी तेलुगू, शाळेत मराठी, इथं इंग्रजी... तिचे ठिपके रेघेखालीच होते. पण पहिल्यापेक्षा दुसरा वर होता, दुसऱ्यापेक्षा तिसरा.

नोटीस लागली त्या दिवशी मी त्या मागच्या खोलीत गेलो तर सर रेघा परत तपासत बसले होते. कुठं एखादा आकडा चुकला असेल, रेघ जरा खाली येईल, अशा आशेनं. मीही शेजारी बसून तो जुन्या निकालांचा गठ्ठा चाळायला लागलो. त्यात आमची बॅच होती. नावं वाचता वाचता मला काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. मी म्हणालो, "सर, ह्यात आमच्या वर्गातली निम्मी पोरं न्हाईत." सर म्हणाले, "निकाल आहेत तेवढे सगळे घेतलेत मी." मी म्हणालो, "व्हय, निकाल हाय त्यांचे घेतले. पण सहामाहीनंतर किती जणांना टर्मच दिली न्हवती, फॉर्मच भरू दिला न्हवता. काही गिरणीत बदलीवर गेले, काही मागावर बसले. ती बसलीच न्हाईत परीक्षेला. ती असती तर रेघ हितं वर आली असती का?"

सरांनी हातातला कागद खाली ठेवला. मग उठले, ऑफिसात जाऊन माझे जुने सहामाहीचे गुण घेऊन आले, एक कोरा आलेख काढला, माझ्या मॅट्रिकच्या गुणांवरून निळी रेघ मारली आणि सहामाहीचा ठिपका दिला. ठिपका कागदाच्या पार तळाला गेला होता, भाग्यलक्ष्मीच्याही कितीतरी खाली. बराच वेळ ते त्या ठिपक्यावर बोट ठेवून होते. "तम्मा, तुला मी अडवला असता," म्हणाले. मी हसण्यावारी न्यायला बघितलं, म्हणालो, "मग काय सर, मेंढरं राखली असती. आबा राखतातच की." पण त्यांचं माझ्याकडं लक्ष नव्हतं. थोड्या वेळानं म्हणाले, "यातलं वाईट काय ते आत्ता माझ्या ध्यानात येतंय. ज्याला अडवला त्याचा निकाल लागतच नाही. म्हणजे रेघ चुकली होती हे कधी कळणारच नाही कोणाला. जी बसतील ती पास होतील, आणि सगळे म्हणतील बघा, रेघ किती बरोबर."

आम्ही दोघं प्राचार्यांकडं गेलो. सरांनी सगळं समजावून सांगितलं, फळ्यावर सांगावं तसं, एकेक पायरी. प्राचार्यांनी ऐकून घेतलं, चहा सांगितला. म्हणाले, "सर, तुमचं मन हळवं आहे. आकड्यांना मन नसतं."

"आकडे माझे आहेत, साहेब. मीच सांगतोय, ते चुकलेत."

"मागच्या वर्षी तर बरोबर आले."

"मागच्या वर्षी मी रेघ बघून शिकवायला बसत होतो. हाकलायला नव्हे."

"हाकलतंय कोण? नापास होऊन घरी बसण्यापेक्षा एक वर्ष थांबलेलं बरं. आणि सर, एकीला सोडलं की सगळ्यांना सोडावं लागेल."

"मग सगळ्यांना सोडा."

प्राचार्य हसले. वाईट हसले नाहीत, लहान मुलाच्या हट्टाला हसावं तसं. "चहा घ्या, गार होतोय," म्हणाले. सरांनी चहा घेतला नाही. मी घेतला, कारण मी डेमॉन्स्ट्रेटर होतो आणि नको म्हणायचं धाडस मला झालं नाही.

राहिला सतरा नंबर. घरच्यांनी तिला एक वर्ष थांबवलं, तर सर स्वतः शिकवून तिला बाहेरून बसवणार होते. रविवारी आम्ही साखर पेठेत गेलो. एका खोलीत तिचं घर, बाहेर मागांचा खडखडाट, त्यामुळं सगळेच मोठ्यानं बोलत होते. भाग्यलक्ष्मी आईशेजारी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. आम्हाला बघून उभी राहिली आणि परत बसली. सरांनी तिच्या वडिलांना सांगितलं, पोरगी हुशार आहे, एक वर्ष द्या. ते हात जोडून ऐकत होते. मग म्हणाले, "सार, तुमी देवमाणूस. पण तुमीच कागद काढलात म्हणे की. पोरगी होणार नाही म्हणून तुमचा कागदच बोलतंय म्हणे. मग तुमचा कागद खोटं कसं बोलंल?" सर म्हणाले, "माझा कागद चुकलाय." ते म्हणाले, "असं कसं सार? तुमचं कधी चुकत नाही म्हणून तर पोरगीला तुमच्या कॉलेजात घातलं." त्यांचा तो विश्वास... मी मध्ये पडून काहीबाही बोललो. ते माझ्याकडं बघतही नव्हते.

निघताना भाग्यलक्ष्मीनं विचारलं, "सर, माझा ठिपका कुठं होता?" तिचे हात थांबले नव्हते. पान कापलं, तंबाखू भरली, वळली, दोरा बांधला. सर म्हणाले, "रेघेच्या खाली. पण चढत होता." ती म्हणाली, "मग थांबवला का?" वर्गात जसं "सर, ते कसं" विचारायची तशाच आवाजात विचारलं. वर्गात सर तिला तीनदा सांगायचे. तिथं एकदाही सांगता आलं नाही. उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. भिवंडीला गेली.

निकाल लागला तो आमच्या कॉलेजच्या इतिहासातला सर्वांत मोठा. फाटकावर कापडी फलक लागला, पेढे वाटले आणि संस्थेनं सरांचा सत्कार ठेवला. ते येणारच नव्हते. मी म्हणालो, "सर, चला आणि सगळ्यांसमोर बोला. इतक्या लोकांत बोललात तर ऐकावं लागेल." माझी भाबडी समजूत. शाल पांघरून, हातात नारळ घेऊन सर बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, "हा निकाल माझा नाही. माझं मोजमाप चुकलेलं आहे. या निकालात जी मुलं नाहीत त्यांच्यासाठी मी..." पुढचं ऐकूच आलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. शेजारचा माणूस मला म्हणाला, "काय नम्रपणा आहे बघा, इतकं करून वर म्हणतात माझं नाही." टाळ्या थांबेचनात. सर तसेच उभे होते, शाल एका खांद्यावरून घसरत होती. मग ते खाली बसले.

त्यानंतर त्यांनी भिंतीवरचे कागद काढून टाकले. काही उपयोग झाला नाही. ऑफिसातल्या क्लार्कला रेघा कशा मारायच्या ते एव्हाना येत होतं, आणि त्याच्या रेघा सरांच्या रेघांपेक्षा सुबक यायच्या. यंदाही दिवाळीनंतर नोटीस लागली. फरक एवढाच की खाली सरांचं नाव नव्हतं, 'नेहमीच्या पद्धतीने' असं लिहिलं होतं.

सर बदलले ते तेव्हापासून. शिकवणं तसंच होतं, पण हजेरी घेताना ते वेगळं काही करू लागले. मस्टर वरून खालपर्यंत वाचून झालं की थांबायचे, आणि मग नाव कमी केलेल्या पोरांची नावं घ्यायचे. वर्षाच्या सुरुवातीला आधीच्या बॅचमधली, भाग्यलक्ष्मी पहिली. दिवाळीनंतर यंदाचीही त्यांच्या मागं लागली. "गाजुल भाग्यलक्ष्मी." कोणी उत्तर देत नसे. सर देता येईल तेवढा वेळ वाट बघायचे, कोऱ्या जागेत गैरहजरचा 'गै' लिहायचे आणि पुढचं नाव घ्यायचे. पहिल्या दिवशी पोरं हसली. एकानं मागून बायकी आवाज काढून "हजर" म्हटलं. सर त्याच्यावर रागावले नाहीत. "हजर नाही रे ती. असती तर तुला तीन प्रश्न विचारले असते," एवढंच म्हणाले. पुन्हा कोणी तसं केलं नाही. प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, सर, ती नावं कमी झालीत. सर म्हणाले, "मला माहीत आहे. म्हणून तर विचारतोय." स्टाफरूममध्ये कुजबूज सुरू झाली की म्हमाण्यांचं डोकं फिरलंय. मी भांडायला उठलो की तेच मला खाली बसवायचे. "इरली बिडो, तम्मा," म्हणायचे. राहू दे, सोड.

शेवटचं बोलणं झालं ते जिन्यात, जाण्याच्या दोन-तीन दिवस आधी. दम खात कठड्याला टेकले होते. म्हणाले, "तम्मा, सारखं मनात येतं. हातानं जेवढी पोरं वर ढकलली, त्यापेक्षा रेघेनं जास्त खाली लोटली असतील. आणि मी गेल्यावरही ती लोटत राहणार." मी म्हणालो, "असं काही नाही सर." ते म्हणाले, "तुला कसं माहीत?" मला माहीत नव्हतं. आजही नाही. त्यांना बरं वाटावं म्हणून तोंडाला आलं ते बोललो होतो, आणि त्यांनी ते ओळखलं. माझ्या खांद्यावर हात ठेवून ते हळूहळू वर गेले.

माती द्यायच्या दिवशी भाग्यलक्ष्मीचे वडील साखर पेठेतून हार घेऊन आले होते. सरांच्या पायांवर डोकं ठेवून रडले. मी विचारलं, पोरगी कशी आहे? म्हणाले, "बरं हाय. दिवस गेलंय तिला. तिकडंही विड्याच वळतंय." मग डोळे पुसून म्हणाले, "सारांचं उपकार विसरणार नाही. त्यांनी आधीच कागद बघून सांगितलं, म्हणून पोरगीचं वर्ष वाया गेलं नाही." सरांच्या पत्नी शेजारी उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं. त्या माणसाला काय सांगायचं? तो मनापासून बोलत होता.

शोकसभेत प्राचार्यांनी जाहीर केलं की सरांच्या स्मरणार्थ ही पद्धत आता संस्थेच्या सगळ्या शाळांत, आठवीपासून लागू होईल, आणि तिला सरांचंच नाव दिलं जाईल. दोन मिनिटं शांत उभं राहायचं होतं. मी उभा होतो. शांत होतो असं म्हणवत नाही.

नवीन माणूस येईपर्यंत बारावीचे गणिताचे तास मला दिलेत. सोमवारी पहिल्या तासाला गेलो. ऑफिसनं सरांचं मस्टर जमा करून घेऊन नवीन पाठवलं होतं, करकरीत, नावं टाइप केलेली. मी हजेरी घेतली, मिटलं आणि खडू उचलला. वर्गात कोणी वही उघडेना. मी म्हणालो, काय झालं? मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "सर, राहिली की नावं."

मी मस्टर परत उघडलं. त्यात ती नव्हतीच. मग आठवत होती तशी घ्यायला लागलो, पहिलं तिचं. "गाजुल भाग्यलक्ष्मी." खाली रस्त्यावर कोणाच्या तरी टांग्याची घंटी वाजत गेली, तेवढंच. सर थांबायचे तेवढा मी थांबलो. मग 'गै' लिहायला पेन टेकवलं, तर त्या पानावर शेवटच्या नावाखाली लिहायला जागाच ठेवलेली नव्हती.